दीड लिटर की दोन? लेकीच्या पहिल्या स्पोर्ट्स कारचं इंजिन

पत्र

सातपूरच्या एका कारखान्यात डिझेल पंपांच्या सुट्या भागांवर काम करून मी निवृत्त झालो. मुलगी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला नोकरी करते. गेल्या वर्षी तिथली मॅन्युअल गाडीची परीक्षा पास झाली आणि आता तिला वापरलेली माझदा एमएक्स-५ घ्यायची आहे. दोनच सीट, वरचं टप उघडणारं. तिने दोन गाड्या पाहून ठेवल्यात, दोन्ही २०१६ च्या. एकीत १.५ लिटरचं इंजिन आहे, दुसरीत २.० लिटरचं. ती १.५ वर अडून बसली आहे. मी म्हणतो, एवढा खर्च करतेसच तर मोठं इंजिन घे, वरचे पैसे मी पाठवतो. तर म्हणते, "बाबा, मला पूर्ण वापरता येईल अशी गाडी हवी." हे काय उत्तर झालं? ओव्हरटेक करताना इंजिन कमी पडलं तर? वर्षभरात तिला पश्चात्ताप झाला तर? पैसे पाठवू की नको, एवढं स्पष्ट सांगा.
एक वडील, इंदिरानगर, नाशिक
ता. क. रोजचं कामाला जाणं तिचं शहरातल्या शहरातच, सुट्टीला वेल्सचे डोंगर. आणि पुढेमागे ती भारतात परत आली तर गाडीही आणता येईल.

उत्तर

काका, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. त्या दोन गाड्यांपैकी तिला १.५ घेऊ द्या. पैसे मात्र जरूर पाठवा, फक्त इंजिनासाठी नको. ते कशावर खर्च व्हावेत ते पुढे लिहिलं आहे. एका परिस्थितीत माझा निकाल बदलतो, तीही शेवटी सांगते.

तुमचं म्हणणं कुठून येतं ते मला नीट कळतं. आपल्या नाशिकात इंजिन म्हटलं की पहिल्यांदा डिझेलच डोळ्यासमोर येतं. सातपूर-अंबडच्या शेडमधून आयुष्यभर पंप, नोझल, इंजेक्टर हाताखालून गेले, रस्त्यावर पाहिल्या त्या इथेच तयार झालेल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ. घाट चढायचा, सात माणसं न्यायची, वर टपावर सामान. अशा कामाला मोठं इंजिन लागतंच. ओझं ठरलेलं असतं आणि इंजिनाने ते ओढायचं असतं. पण तुमची मुलगी जी गाडी घेते आहे तिच्यात ओझंच काढून टाकलं आहे.

आकडेच बघा. २००२ साली आलेल्या स्कॉर्पिओचं २.६ लिटरचं टर्बो डिझेल सुमारे १०९ अश्वशक्ती द्यायचं आणि माणसं बसली की गाडी दोन टनांच्या पुढे जायची. २०१६ ची १.५ लिटरची एमएक्स-५ देते १३१ अश्वशक्ती आणि रिकामी गाडी आहे एक टनाच्या आसपास, खरं तर त्याच्याही थोडी आत. लेक चालवायला बसली तरी दर टनामागे तिच्या हाताशी स्कॉर्पिओच्या दुपटीहून जास्त ताकद असेल. म्हणजे तुम्ही ज्याला लहान इंजिन म्हणता ते त्या गाडीच्या मानाने लहान नाही. २.० मध्ये १६० अश्वशक्ती आहे, ती जास्तच आहे, पण १३१ ही 'कमी' नाही. कंपनीच्या आकड्यांनुसार शून्यापासून शंभरापर्यंत जायला १.५ ला ८.३ सेकंद लागतात, २.० ला ७.३. या एका सेकंदासाठी तुम्ही भांडताय.

मारुती झेन आठवते? ९९३ सीसी, पन्नास अश्वशक्ती, वजन साडेसातशे किलोंच्या आसपास. वणी सोडून सापुताऱ्याकडे चढायला लागलं की ती गाडी ज्याने मनापासून चालवली असेल त्याला मी काय म्हणते ते लगेच कळेल. वेग फार नसायचा, पण वळणात घालताना गाडी अंगावर यायची नाही, ब्रेक लवकर लागायचे आणि इंजिन शेवटपर्यंत फिरवण्याची मजा यायची. हलक्या गाडीचं सगळं सुख वळणात आणि ब्रेकमध्ये असतं. एमएक्स-५ ही १९८९ पासून याच एका कल्पनेवर बनत आली आहे. पहिली आली तीही १.६ लिटरचीच होती, आणि तरीही २०१६ पर्यंत एमएक्स-५ च्या दहा लाख गाड्या बनल्या.

आणखी एक गोष्ट, जी नाशिकच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात जेवढी हवा शिरते तेवढीच ताकद निघते. इथल्या उंचीवर, पस्तीस अंशांच्या दुपारी हवा जितकी विरळ असते, त्या मानाने बर्मिंगहॅमच्या आठ-दहा अंशांच्या थंड हवेत ती चांगली पंधरा टक्के दाट असते. इथे साधं पेट्रोल इंजिन घाटात धापा टाकतं आणि टर्बो डिझेल मजेत चढतं, त्यामागे हेही एक कारण आहे, कारण टर्बो विरळ हवासुद्धा दाबून आत कोंबतो. एमएक्स-५ च्या दोन्ही इंजिनांना टर्बो नाही. तेव्हा 'छोटं पेट्रोल दम टाकतं' हा इथला अनुभव खरा असला तरी तो तिकडे तसाच्या तसा लागू करू नका. त्या हवेत ते इंजिन पूर्ण जोरात असतं.

आता तुमच्या आवडीच्या भागाकडे येते. १.५ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ८५.८. २.० चा बोअर ८३.५ आणि स्ट्रोक ९१.२. १.५ चं इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांपर्यंत, फिरतं, २०१६ चं २.० मात्र ६,८०० ला थांबतं. कागद-पेन्सिल घेऊन पिस्टनचा सरासरी वेग काढून बघा, तुम्हाला गंमत वाटेल. १.५ मध्ये ७,५०० ला तो सेकंदाला साधारण २१.५ मीटर येतो, २.० मध्ये ६,८०० ला पावणेएकवीस. म्हणजे लांब स्ट्रोकच्या पिस्टनला कमी फेऱ्यांतच जवळपास तितकी पळापळ करावी लागते, शिवाय प्रत्येक पिस्टनचं वजनही जास्त. मोठ्या इंजिनाला वर फिरायचा कंटाळा येतो तो असा. २.० चा जोर मधल्या टप्प्यात आहे: २०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोही ४,६०० आरपीएमला, आणि त्याच्या खालीही भरपूर. १.५ चा टॉर्क १५० न्यूटन मीटर आहे आणि सगळी ताकद हवी असेल तर आरपीएमची सुई ७,००० पर्यंत न्यावी लागते.

मी दोन्ही चालवल्या आहेत. २.० मध्ये कुठल्याही गिअरमध्ये पाय दाबला की गाडी निघते, विचार करावा लागत नाही. १.५ मध्ये आधी ठरवावं लागतं: गिअर खाली पाडायचा, सुई चार हजारांच्या वर ठेवायची, मग ती अशी काही गाते की पाय काढावासाच वाटत नाही. रोज आळसात चालवणाऱ्याला २.० सोपी जाईल. चालवण्याच्या कलेतच ज्याला रस आहे त्याला १.५ जास्त देते. तुमची लेक म्हणते की तिला पूर्ण वापरता येईल अशी गाडी हवी. तुम्ही ते वाक्य तक्रार म्हणून लिहिलंत, पण मला पत्रातलं सगळ्यात जाणतं वाक्य तेच वाटलं.

कारण 'पूर्ण वापरणं' इंग्लंडच्या रस्त्यावर कुठपर्यंत शक्य आहे ते बघा. गावाबाहेरच्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर. १.५ चा दुसरा गिअर अगदी लाल रेषेपर्यंत ओढला तर गाडी शंभराच्या आसपास पोहोचते. म्हणजे दोन गिअर, इंजिनाचा सगळा आवाज, सगळी फेरी, आणि लाल रेषेच्या जरा आधी पाय काढला की कायद्याच्या हद्दीतच. वेल्स तिला जवळ आहे, शनिवार-रविवार ती तिकडेच जाणार. तिथे २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी वीस मैलांचीच मर्यादा आहे. जास्त ताकद घेऊन जायचं कुठे?

ही मर्यादा तिच्यासाठी नुसती पाटी नाही. ब्रिटनमध्ये परीक्षा पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत परवान्यावर दंडाचे सहा पॉइंट जमले तर परवाना रद्द होतो आणि शिकाऊपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. वेगाच्या एका गुन्ह्याला किमान तीन पॉइंट पडतात. म्हणजे दोन कॅमेरे आणि खेळ संपला. ती गेल्या वर्षी पास झाली आहे, तेव्हा ही तलवार अजून डोक्यावर आहे. कमी वेगातही आनंद देणारी गाडी या काळात जास्त शहाणपणाची, एवढं एक कारणसुद्धा मला पुरेसं वाटतं.

ओव्हरटेकचं विचारलंत. बापाच्या पोटात गोळा येतो तो मी समजू शकते. कसाऱ्याच्या घाटात कंटेनरच्या मागे अडकलेली गाडी बाहेर काढताना जो क्षण असतो तो आपण सगळ्यांनीच अनुभवलाय. तिसऱ्या गिअरमध्ये, साडेचार-पाच हजारांवर असलेली १.५ एमएक्स-५ ट्रकला मागे टाकायला पुरते. अट एकच, गिअर आधी पाडायचा, बाहेर निघाल्यावर नाही. पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये नुसता पाय दाबून वाट बघत बसणाऱ्याला ती धोक्यात घालेल, हे मी लपवत नाही. तिने परीक्षा मॅन्युअलवर दिली आहे, ही सवय तिला लागेल.

या गाडीत ओव्हरटेकचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो दोन्ही इंजिनांना सारखाच. चालवणारा इतका खाली बसतो की पुढच्या व्हॅनच्या पलीकडचं काहीही दिसत नाही. बोलेरोत उंचावर बसून तुम्ही दोन गाड्या पुढचं बघता, ती सोय तिथे नाही. वर तिकडचे गावाबाहेरचे रस्ते कुंपणाच्या झुडपांनी दोन्ही बाजूंनी बंद. तिला सांगायचंच असेल तर हे सांगा: मागे अंतर ठेव, रस्ता पूर्ण दिसेपर्यंत थांब. जादा अश्वशक्तीने न दिसणारी गाडी दिसायला लागत नाही, उलट 'निघून जाईल' असा भरवसा मात्र वाढतो.

२.० मध्ये काय जास्त मिळतं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर माझा सल्ला एकतर्फी होईल. ब्रिटनमध्ये त्या वर्षीच्या मॅन्युअल २.० ला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल येत असे, १.५ ला नाही. तुम्हाला ट्रॅक्टरचा डिफ लॉक ठाऊक असेल, हे त्याचं मवाळ रूप समजा. अरुंद वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होऊन मोकळं फिरायला लागतं, त्या वेळी हे डिफरन्शियल जोर बाहेरच्या चाकाकडे वळवतं. ट्रॅकवर जाणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे. २.० च्या स्पोर्ट मॉडेलला बिलस्टीनचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही असतात. पण साध्या रस्त्यावर, १५० न्यूटन मीटरमध्ये, चाक मोकळं फिरण्याची वेळच क्वचित येते. आणि १.५ ला सोळा इंची चाकं आहेत, २.० ला सतरा. सोळाच्या टायरची भिंत जाड, खड्ड्यात धक्का कमी, टायरही सहसा स्वस्त. तिकडचे गावाकडचे रस्ते आपण समजतो तितके गुळगुळीत नसतात.

पेट्रोल दोघींना साधं, ९५ ऑक्टेनचं चालतं, त्यात फरक करण्यासारखं काही नाही. रोड टॅक्स एप्रिल २०१७ च्या आधी नोंद झालेल्या गाड्यांना धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर लागतो. १.५ चा आकडा किलोमीटरला १३९ ग्रॅम, २.० चा १६१, म्हणून १.५ ला दरवर्षी कमी भरावा लागेल. खरा फरक विम्यात. तिकडे गाड्यांचे विम्याचे गट असतात आणि नव्या परवान्यावाल्याला हप्ता असा काही लागतो की ऐकून धक्का बसतो. तिला सांगा, गाडी बघायला जाण्याआधी दोन्ही गाड्यांचे नंबर टाकून विम्याचे दर काढ. बयाणा दिल्यावर विम्याचा आकडा कळून हात चोळत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

तर तुमचे पैसे इथे पाठवा. पहिल्या वर्षाचा विमा. नंतर चार नवे टायर, चारही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीला पावसात दोन प्रकारचे टायर म्हणजे आगाऊ बोलावलेलं संकट, आणि तिकडे पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत आटपत नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही चांगली दिसली तरी इतका जुना टायर बदलायचाच. उरलेल्यातून एक दिवस चांगल्या प्रशिक्षकाबरोबर, मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या रस्त्यावर कशी वागते ते शिकण्यासाठी. एकोणतीस जादा अश्वशक्तीपेक्षा हे तीन खर्च तिला जास्त सुरक्षित ठेवतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि काका, तुम्ही स्वतः करू शकाल असं एक मोठं काम आहे. २०१६ ची गाडी आता चांगली वापरलेली आहे. या वयात १.५ की २.० यापेक्षा कोणती नीट सांभाळली गेली, हे जास्त महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी बंधनकारक आहे आणि तिचा इतिहास गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. कधी काय नापास झालं, कुठे गंज लिहिलाय, त्या दिवशी किती मैल झाले होते, सगळं. दोन्ही गाड्यांचे नंबर तिच्याकडून मागवा आणि इंदिरानगरात बसून वाचा. मैलांच्या आकड्यात उडी किंवा घट दिसली तर ती गाडी तिथेच सोडून द्या.

गंजाचं विशेष बघा. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीच्या पोटाला खात राहतं. आपल्याकडे कोकणातल्या गाड्या सोडल्या तर हा त्रास आपल्याला फारसा माहीत नाही. गाडी उचलून खालचे सगळे सांगाडे, मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या यांचे फोटो मागवा. टप कापडी असतं, त्याचं पाणी वाहून जायला आत नळ्या असतात. त्या पानापाचोळ्याने तुंबल्या की पाणी गाडीत उतरतं. सीटमागचा आणि पायाखालचा गालिचा हाताने दाबून ओला आहे का ते तिने बघावं.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. विकणाऱ्याला आधीच बजावायचं की मी येईपर्यंत चालू करू नकोस. बॉनेटवर हात ठेवून खात्री करायची. सुरू होताना तिने फोन इंजिनाजवळ धरावा आणि इकडे तुम्ही ऐका. पेट्रोल असलं म्हणून काय झालं, इतकी वर्षं ज्या कानांनी पंपांचा आवाज तपासला त्यांना सैल टॅपेट, पट्ट्याची चीं-चीं किंवा खालून येणारी खडखड वेगळी ओळखू येणारच. गिअरबॉक्स थंड असताना पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा नीट पडतो का, कुरकुर होते का, पाय सोडल्यावर गिअर बाहेर उडी मारतो का, हे बघायचं. या पिढीच्या सुरुवातीच्या २.० गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी झाल्या होत्या आणि कंपनीने आतले भाग पुढे सुधारले. दुसरी गाडी २०१६ चीच २.० आहे, म्हणून ती बघायला गेलीच तर तिथे जास्त कान देऊन ऐकायचं.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, शक्यतो एकाच रस्त्यावर चालवून बघायला सांगा. आठवड्याच्या अंतराने चालवल्या तर आठवणीत फक्त शेवटची राहते. ताशी तीस-चाळीस मैलांवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून बघायचं, एक चढ बघायचा, एक गोल चौक घ्यायचा. शून्य ते साठची शर्यत लावून त्या चाचणीत काही कळत नाही.

तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिलंय की पुढेमागे ती भारतात परत आली तर गाडीही आणता येईल. हा विचार आताच सोडून द्या. वापरलेली गाडी आयात करायला ती तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही, आणि त्यात बसली तरी ड्युटीच गाडीच्या किमतीला मागे टाकते. एमएक्स-५ आपल्याकडे कंपनीने कधी अधिकृत विकली नाही, म्हणजे साधा ब्रेक पॅडही बाहेरून मागवायचा. गाडी तिथे घ्यावी, तिथे चालवावी, तिथेच विकावी.

पश्चात्तापाचं राहिलं. होऊ शकतो, नाही असं नाही. ती रोज मोटरवेने लांब कामाला जायला लागली तर सतत गिअर पाडायचा तिला कंटाळा येईल. समृद्धीवर तासन्‌तास १२० ने जायचं असतं तर मी तुम्हाला २.० च सांगितली असती. ट्रॅकवर जायचं वेड लागलं तर तिला ते डिफरन्शियल हवंसं वाटेल. ऑटोमॅटिक हवी असती तरी २.०. कापडाऐवजी कडक दुमडतं टप असलेली आरएफ ही गाडी घ्यायचं ठरलं तर वजन सुमारे ४५ किलोंनी वाढतं, तिथेही मी थोडी मोठ्या इंजिनाकडे झुकते. पण तुम्ही लिहिलेल्या माहितीत यातलं काहीच नाही. शहरातल्या शहरात कामाला जाणं आणि सुट्टीला वेल्सचे डोंगर, एवढंच आहे, आणि त्यासाठी १.५ सारखी गाडी नाही.

आता सुरुवातीला म्हटलेली ती एक परिस्थिती. २०१८ च्या उत्तरार्धात माझदाने २.० चं इंजिन आतून बदललं. तुम्हाला आवडेल म्हणून तपशील देते: प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने हलका केला, प्रत्येक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने. त्यामुळे तेच २.० आता १.५ सारखं ७,५०० पर्यंत फिरतं आणि १८४ अश्वशक्ती देतं. मघाचं गणित पुन्हा मांडा, पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२.८ मीटर येतो. वजन कमी केल्याशिवाय तो पेलला नसता. त्याच सुधारणेत स्टिअरिंग पुढे-मागे सरकवता येऊ लागलं. तुमची लेक उंच असेल तर ही सोय तिच्या पाठीला आणि गुडघ्यांना इंजिनाहून महत्त्वाची ठरेल. या गाडीत मोठ्या इंजिनाचा मधला जोर आहे आणि छोट्याचं वरचं गाणंही आहे. १६० वाल्या २.० साठी मी तुम्हाला जास्तीचे पैसे घालू देणार नाही, १८४ वालीसाठी घालावेत की नाही यावर तुमच्याशी बसून बोलेन.

पण तीही तीन अटींवर. विम्याचा दर तिच्या पगाराला झेपणारा निघाला पाहिजे, टायर आणि प्रशिक्षणाचे पैसे त्यातून कापले जाता कामा नयेत, आणि ती गाडी तिला स्वतःला हवी असली पाहिजे. तिसरी अट फोनवर तिला नीट विचारून घ्या. तिने अजूनही १.५ च म्हटलं, तर शनिवारी ती गाडी थंड असताना फोन चालू ठेवा आणि ऐकायला बसा.